मधल्या खुर्च्या

माणूस नव्या खुर्चीवर बसतो तेव्हा पहिली पाच मिनिटं खोटा बसतो. पाठ ताठ, गुडघे जुळलेले, चेहरा फोटो काढून घेतल्यासारखा. मग तो हळूहळू घसरतो. एक खांदा खाली येतो, पाय पुढच्याच्या खुर्चीखाली शिरतात, आणि तिथून पुढे जे चालतं ते खरं बसणं. हे मला कोणी शिकवलेलं नाही. विद्यापीठाच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढली आणि त्यात माणसांना बसवून बघायचा उद्योग इतका केला, की आता लग्नाला गेलो तरी माझं लक्ष मांडवातल्या पाठींकडे असतं. बायको म्हणते, "लोकं नवरा-नवरीले पाहतात, तुमी खुर्च्या पाहून राह्यले."

आमच्या गावच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि नोकरीतले अनुभव लिहा म्हणाले. मी त्यांना समजावलं की ठाणेदाराकडे चोर असतात, डॉक्टरकडे पेशंट असतात, माझ्याकडे खडू, फिनाइल आणि बाकं होती. ते म्हणाले, "गावंडे साहेब, मग बाकांचंच लिहा." आणि चहा पिऊन गेले. त्यांना बहुतेक पानं भरायची होती. पण ते गेल्यावर डोक्यात बाकं राहिली, बाकांमागून खुर्च्या आल्या, आणि खुर्च्यांमागून एक मुलगी आली, जिच्याबद्दल मी आजवर घरातही कधी बोललो नव्हतो.

विद्यापीठाचं नाव घेत नाही. नाव घेतलं की माहितीच्या अधिकारात अर्ज पडतो, आणि असला अर्ज फिरतफिरत शेवटी स्टोअरमध्येच येतो. तिथे आता माझ्या जागी दुसरा कोणी बिचारा बसलेला आहे. एवढंच सांगतो की आमचं संकुल यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, हमरस्त्याला लागून आहे. समोर एसटीचा थांबा, मागे तुरीचं शेत. विद्यार्थी निम्म्याहून जास्त आजूबाजूच्या खेड्यांतले, त्यातही महागावकडचे बरेच. एसटीनं येणारे आणि एसटीच्या वेळेवर पळणारे.

माझं पद भांडारपाल. शब्द कागदावर भारदस्त दिसतो, पण मुलं 'इष्टोरवाले काका' म्हणायची आणि तेच खरं होतं. जे मोडतं, झिजतं, हरवतं ते माझं. काही चांगलं चाललेलं असेल तर भांडारपालाची आठवण कोणाला येत नाही. पंखा फिरत असला की तो विद्यापीठाचा, बंद पडला की गावंडेंचा.

जुन्या लेक्चर हॉलमध्ये लांब बाकं होती. लोखंडी सांगाडा, बसायला फळी, पुढे लिहायला उतरती फळी. एका बाकावर चौघांनी बसावं असं गृहीत होतं, बसायचे कितीही. या बाकांनी माझी उमेदीची वर्षं खाल्ली. पावसाळ्यात फळी फुगायची, उन्हाळ्यात आकसायची, खिळे वर यायचे. खिळ्यात मॅडमची साडी अडकायची. फाटलेली साडी नेहमी त्याच दिवशी नेसलेली नवी असायची. मग अर्ज यायचा, अर्जावर शेरा, शेऱ्यावर माझा खुलासा. मुलं कर्कटकानं नावं कोरायची. एका बाकावर एकाच मुलीचं नाव तीन वेगवेगळ्या अक्षरांत कोरलेलं मी वाचलं आहे, आणि तिन्हींवर स्वतः उभं राहून रंधा मारून घेतला आहे. दर दिवाळीच्या सुट्टीत बाकं व्हरांड्यात काढायची, ठोकायची, घासायची, परत लावायची. जग फराळ करायचं तेव्हा माझ्या नाकात लाकडाचा भुसा असायचा.

असं वर्षानुवर्षं चाललं. मग संकुलात नवा लेक्चर हॉल मंजूर झाला. पायऱ्यापायऱ्यांचा, मागच्यालाही फळा दिसेल असा. पायऱ्यांच्या खाली जी तिरकी पोकळी उरते ती कोणाला द्यायची यावर दोन बैठका झाल्या आणि ती स्टोअरला मिळाली. म्हणजे विद्यार्थी आता अक्षरशः माझ्या डोक्यावर बसणार होते. माझ्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हॉल बांधला की त्यात खुर्च्या ठेवायच्या, यात निवडायचं काय? पायऱ्यांच्या हॉलमध्ये तसं नसतं. तिथे बसायची वस्तू एकदा जमिनीत बोल्टनं आवळली की ती आवळली. पायरीची रुंदी इंजिनिअर आधीच ओतून गेलेला असतो, त्यामुळे गुडघ्यापुढे किती जागा राहणार ते त्याच्या हातात जातं. उरलेलं तुम्ही बघायचं. बैठक उंच झाली तर बुटक्या मुलींचे पाय लोंबतात आणि तासाभरात मुंग्या येतात. पाठ जास्त कलती झाली तर पोरं झोपतात. लिहायची पाटी लहान असली तर वही एकीकडे आणि कोपर दुसरीकडे. आणि एवढं सगळं जमलं तरी शेवटी प्रश्न उरतो, खुर्च्या की बाकं.

यासाठी आमच्याकडे एक रीत होती. विकणाऱ्यानं एक नमुना आणून संचालकांच्या दालनात ठेवायचा. मग खरेदी समितीनं पदाप्रमाणे त्यावर बसायचं. आधी संचालक, मग दोघे प्राध्यापक, मग लेखाधिकारी, शेवटी सदस्य-सचिव म्हणून मी. चहा यायचा. कप लिहायच्या पाटीवर ठेवायचा, आणि बसणारा हलल्यावरही चहा सांडला नाही की पाटी पास. मग बाबाराव ड्रायव्हरला बोलावलं जायचं. बाबाराव आमच्या संकुलातला सगळ्यात वजनदार माणूस. तो दोन पावलं मागे जाऊन धाडकन बसायचा. नमुना करकरला नाही की सगळे माना डोलवायचे. मग नमुना उलटा करायचा, बैठकीच्या खालच्या बाजूला सगळ्यांनी सह्या करायच्या, वर कागद चिकटवून शिक्का मारायचा आणि तो माझ्याकडे जमा. पुढे माल आला की या सहीच्या नमुन्याशी ताडून बघायचा. माझ्या स्टोअरमध्ये अशा उलट्या ठेवलेल्या, पोटावर सह्या असलेल्या कितीतरी खुर्च्या होत्या.

नव्या हॉलसाठी दोन नमुने आले. एक नागपूरच्या विक्रेत्याची खुर्ची. मरून रंगाची गादी, पाठीला बाक, बाजूनं वर येणारी लिहायची पाटी, आणि माणूस उठला की आपोआप वर मिटणारी बैठक. दुसरा नमुना रज्जाकभाईचा. रज्जाकभाईचं हमरस्त्यावर वेल्डिंगचं दुकान. आमची फाटकं, सायकल स्टँड, जुनी बाकं, सगळी त्याच्या हातची. त्यानं नव्या पद्धतीचं लांब बाक बनवून आणलं होतं. कडा गोल केलेल्या, पाठ टेकायला सलग गादी, खिळा एकही नाही. त्यासोबत तो आपल्या दुकानातली चार माणसं घेऊन आला होता.

"साहेब, एकडाव पाहून घ्या फक्त," तो संचालकांना म्हणाला. त्यानं चौघांना बाकावर बसवलं आणि स्वतः दालनाच्या दाराबाहेर गेला. मग आत येऊन म्हणाला, "हे पाहा, मी लेट आलो. गाडी लेट होती." बाकाच्या कडेला टेकत म्हणाला, "सरका रे जरासक." चौघं सरकले. तो बसला. "झालं. कोणी उठलं का? आवाज आला का?"

संचालक हसले. "रज्जाकभाई, चौघांच्या जागी पाच कोंबायचे तर एवढा नवा हॉल बांधला कशाला?"

सगळे हसलो. रज्जाकभाईही हसला. पण जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गावंडे साहेब, तुमी तं रोज थांब्यावर पोट्ट्याइले उतरताना पाह्यता. सोचा जरा."

मतं फुटली. संचालक आणि एक प्राध्यापक खुर्चीच्या बाजूनं. अर्थशास्त्राचे ढोके सर आणि लेखाधिकारी बाकाच्या बाजूनं. संचालक माझ्याकडे वळले. "गावंडे, मोडकंतोडकं तुम्हीच निस्तरता. तुम्ही सांगा."

इथे मी काय विचार केला ते खरं सांगतो. मी रज्जाकभाईच्या पाचव्या माणसाचा विचार केला नाही. मी फुगलेल्या फळ्यांचा, फाटलेल्या साड्यांचा आणि दिवाळीतल्या भुशाचा विचार केला. खुर्चीला पाच वर्षांची हमी होती आणि मला काढायची होती दोन. मी थकलो होतो. मला एक दिवाळी घरी बसून चिवडा खायचा होता. मी म्हणालो, "खुर्च्या घ्याव्या, सर." आणि टिपणीत माझ्या हातानं लिहिलं, 'आसनव्यवस्था शिस्तबद्ध राहील व देखभाल नगण्य असेल.' मग खुर्ची उलटी करून सह्या झाल्या. चहा सांडला नव्हता, बाबाराव धाडकन बसला होता. चूक एवढीच झाली की आम्ही सगळ्यांनी मिळून एक खुर्ची तपासली. ओळीत लावलेल्या दहा खुर्च्या कशा वागतात हे कोणीच तपासलं नाही. दालनात दहा खुर्च्यांची ओळ लावायला जागाच नव्हती.

हॉल सुरू झाला तेव्हा पहिले आठ दिवस मी मुद्दाम वर जाऊन मागे उभा राहायचो. मरून रंगाच्या ओळी बघून बरं वाटायचं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी देखणं माझ्या हातून झालं असं वाटायचं. नवव्या-दहाव्या दिवशी लक्षात आलं की मुलं कडेला बसतात.

आता हे मला आधी सुचायला हवं होतं. कोणताही माणूस ओळीत आधी कडेची जागा धरतो. तिथून लवकर उठता येतं, पंखा जवळ असतो, बस गाठायची असते. बाकावरही तेच व्हायचं, पण बाकावर मागून कोणी आलं की कडेचा माणूस बूड न उचलता आत सरकायचा. त्याला ते कळायचंही नाही. खुर्चीवरून सरकता येत नाही. खुर्ची एकदा धरली की ती आपली होते, आणि दुसऱ्या खुर्चीवर जायचं म्हणजे पाटी मिटा, पिशवी उचला, उठा. ते कोण करतो? त्यामुळे दोन्ही कडा भरलेल्या आणि मधल्या पाच-सहा खुर्च्या रिकाम्या. मधल्या खुर्चीवर जायचं तर कडेच्या सगळ्यांना उभं करावं लागायचं. एकेक उठला की त्याची बैठक वर मिटून खटाक. तो परत बसला की पुन्हा खटाक. खाली माझ्या स्टोअरमध्ये तर वरून कोणी तेलाचे रिकामे डबे फेकतंय असं ऐकू यायचं.

ढोके सरांचं लेक्चर सव्वादहाला. महागावकडची गाडी थांब्यावर यायची ती दहा वीसला, कधी साडेदहाला. तिच्यातून आमचे दहा-बारा जण उतरायचे. जुन्या हॉलमध्ये ते मागच्या दारानं येऊन कडेनं शिरायचे आणि सरांना पत्ताही लागायचा नाही. आता ते आले की पाच मिनिटं नुसती खटाखट. ढोके सर वाईट माणूस नव्हते. त्यांचा घसा बसलेला, माईक दिवसाआड बंद, आणि एकदा तुटलेलं वाक्य त्यांना पुन्हा जोडता यायचं नाही. त्यांनी उशिरा येणाऱ्यांना सांगितलं, मधल्या वाटेच्या पायऱ्यांवर बसत जा. तसं काही दिवस चाललं. मग संचालक पाहुण्यांना हॉल दाखवायला घेऊन आले. मधल्या खुर्च्या रिकाम्या आणि मुली पायरीवर बसलेल्या. पाहुणे काही बोलले नाहीत, पण संचालकांना ते लागलं. पायरीवर कोणीही बसायचं नाही अशी सूचना निघाली. त्यावर ढोके सरांनी सोपा मार्ग काढला. हजेरी झाली की दार बंद.

महागावच्या गाडीतले मुलगे चहाच्या टपरीवर जाऊ लागले. मुली वाचनालयात पांगल्या. एक माझ्या दाराशी आली.

जुनी बाकं सगळी निर्लेखित होऊन, म्हणजे नोंदवहीतून कमी होऊन, लिलावात गेली होती. एक मात्र मी ठेवून घेतलं होतं, दुपारी डबा खाऊन पाठ टेकायला. ते स्टोअरच्या दाराबाहेर असायचं. त्यावर ती टेकली आणि म्हणाली, "काका, मी इथं बसू का? सरांचा आवाज येते इथं."

खरंच यायचा. हॉलच्या व्यासपीठाच्या बाजूला हवेसाठी एक जाळी होती, ती माझ्या स्टोअरमध्ये उघडायची. माईक चालू असला की ढोके सर माझ्या फिनाइलच्या डब्यांना अर्थशास्त्र शिकवायचे. मुलीचं नाव प्रणाली. महागावच्या पलीकडच्या एका खेड्यातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. आई अंगणवाडीत मदतनीस. गावातून निघणारी पहिली गाडीच ती, त्यामुळे लवकर निघ असं म्हणण्यात अर्थ नव्हता.

माझ्या दारावर पाटी होती, 'विद्यार्थ्यांना भांडारात प्रवेश नाही.' माझ्याच हातानं रंगवलेली. दोन दिवसांनी मी बाक उचलून पाटीच्या आत, जाळीखाली नेऊन ठेवलं.

मग ती रोज यायची. घाम पुसायची, माठातलं पाणी प्यायची आणि लिहायला लागायची. ऐकू सगळं यायचं, फळा दिसायचा नाही. सर वर म्हणायचे, "आता ही रेषा इकडून अशी खाली येते," की ती वहीत एक रिकामी चौकट आखायची आणि पुढे लिहू लागायची. मैत्रिणीच्या वहीतून आकृती नंतर उतरवायची. तिची वही अशा चौकटींनी भरलेली होती. मी एकदा विचारलं, "समजतं का ग यातून?" तर म्हणाली, "समजते ना. पर सर 'हे पाहा' म्हणतात तवा जीव तुटते थोडासा."

मला त्या दिवसांत स्वतःचं कौतुक वाटत होतं. मुलीला बसायला दिलं, पाणी दिलं, वर नियमही मोडला. वर जाऊन संचालकांना दोन वाक्यं सांगावीत, प्रत्येक ओळीतल्या कडेच्या दोन खुर्च्या काढून तिथे बाक टाकू म्हणावं, हे सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण तसं सांगणं म्हणजे खुर्च्या चुकल्या हे सांगणं, आणि ती टिपणी माझ्या अक्षरातली होती.

हिवाळी परीक्षेच्या आधी फलकावर कमी हजेरीवाल्यांची यादी लागली. अर्थशास्त्रात प्रणालीचं नाव होतं. विभागाची शिफारस नसेल तर परीक्षेचा फॉर्म घेणार नव्हते. ती हातात अर्ज घेऊन आली. त्या दिवशी बसली नाही.

"काका, तुमी एक लिहून देता का? का मी रोज येत होती, इथं बसून लिहून घेत होती म्हणून. ढोके सर म्हणाले, कोणी लेखी देईन तं मी शिफारस करतो."

मी अर्ज वाचला. सुवाच्य अक्षर, खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली. मी दारावरच्या पाटीकडे बघितलं. विद्यार्थ्याला भांडारात रोज बसवलं असं मीच लिहून द्यायचं. वर्षभरात निवृत्ती. निवृत्तीच्या कागदांत एक खुलासा निघाला की सहा महिने तो चघळला जातो, हे मी लोकांचं होताना बघितलं होतं.

"बाळा, मी भांडारपाल," मी म्हणालो. "हजेरी माझ्या हातात नाही."

"हजेरी नाई म्हणत मी, काका. मी येत होती इतकंच लिहा."

"माझ्या लिहिण्याला काय किंमत? तू विभागात विचार."

 तिनं अर्ज घडी करून वहीत ठेवला. "बरं," म्हणाली, आणि जाताना बाक भिंतीला नीट लावून गेली.

हे मी आता लिहितो आहे तेव्हाही मला लाज वाटते. एकतीस वर्षांत मी हजारो सह्या केल्या. न मोजलेल्या खडूच्या खोक्यांवर केल्या, न बघितलेल्या टाक्यांवर केल्या, चहा सांडला नाही म्हणून खुर्चीच्या पोटावर केली. खरी असलेली एक सही मागितली तर दिली नाही.

तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी मी कागद लिहिला, सही केली आणि संचालकांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला. "गावंडे, फॉर्मची तारीख काल गेली हो." मग कागद माझ्याकडे सरकवत, न चिडता, नुसतं आठवल्यासारखं म्हणाले, "पण खुर्च्यांची शिफारस तुमचीच होती ना?"

मी होय म्हणालो.

प्रणाली त्यानंतर आली नाही. दुसऱ्या सत्रातही नाही. तिच्या मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, "थे आता येत नाई जी. तिच्या आईची तब्येत बिघडली, तं आईच्या जागी तीच जाते अंगणवाडीत." जाळीतून ढोके सरांचा आवाज येत राहिला. मी जाळीला पुठ्ठा लावला.

शेवटच्या महिन्यात मी रज्जाकभाईला बोलावलं. दोघांनी मिळून ते बाक उचलून वर हॉलमध्ये नेलं आणि दाराच्या आत, पहिल्या ओळीच्या बाजूला भिंतीलगत सपाट जागा होती तिथे ठेवलं. रज्जाकभाईनं त्याला दोन लोखंडी गज जोडून ते लांब केलं, नवी फळी टाकली. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. ढोके सर लेक्चरच्या आधी आले, त्यांनी बाकाकडे बघितलं, हातानं दाबून बघितलं.

"महागावच्या गाडीसाठी," मी म्हणालो.

"मग दार उघडं ठेवतो मी," ते म्हणाले. "हे आधी का नाही केलं, गावंडे?"

अर्ध्या तासाचं काम होतं. निर्लेखित झालेलं असल्यामुळे ते बाक आता कोणत्याही नोंदवहीत नाही. त्यामुळे ते हलवायचा आदेशही कोणाला काढता येत नाही, आणि माझ्या सगळ्या नोकरीत एवढं हुशारीचं काम मी दुसरं केलेलं नाही. निवृत्तीच्या सभेत माझ्या शिस्तीचं कौतुक झालं. मला शाल देऊन मधल्या खुर्चीवर बसवलं होतं.

यंदा सोयाबीन निघायच्या सुमाराला महागावला मेहुण्याच्या मुलीचं साक्षगंध होतं. बायको आदल्या दिवशीच गेली होती. मी संकुलासमोरच्या थांब्यावरून गाडी धरली. बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाड्या भरून वाहतात. माझं अर्धं व्हायला अजून वेळ आहे, पण गुडघ्यांना ते माहीत नाही. दांडा धरून कसाबसा उभा होतो, तर मागून आवाज आला, "काका, इकडे या ना."

शेवटची लांब सीट. तिच्यावर आधीच सहा जणी. मधली एक शेजारणींना सांगत होती, "सरका वं बाई जरासक, काका बसतीन." सगळ्या सरकल्या. कडेला वीतभर जागा झाली, तिच्यात मी अर्धा टेकलो. ती स्वतः उठून, पिशव्या ओलांडून माझ्या शेजारी सरकली. मांडीवर अंगणवाडीचा वजनकाटा होता.

"वळखलं का, काका?"

"प्रणाली."

"हाव."

गाडी दोन गावं पुढे गेली. मला वाटलं होतं की कधी भेटलीच तर मी नीट बोलेन. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. तोंडातून निघालं ते भलतंच. "त्या दिवशी मी सही करायला पाहिजे होती, बाळा. मी घाबरलो."

तिनं वजनकाटा मांडीवर सरळ केला. "माहीत हाये मले. आता कायले काढता थे." मग म्हणाली, "बाहेरून फॉर्म भरीन म्हणते मी पुढच्या साली. वह्या हायेत अजून." आणि मग, "बेंच वर नेला म्हणे तुमी?"

"नेला."

"बरं केलं. पोट्ट्या बसत असतीन."

पुढच्या थांब्यावर एक म्हातारी टोपलं घेऊन चढली. कोणी न सांगता आम्ही सगळे पुन्हा सरकलो. प्रणालीचा खांदा माझ्या खांद्याला लागला, वजनकाटा तिनं अर्धा माझ्या मांडीवर टेकवला. मग ती एकदम हसली.

"खुर्च्या मस्त होत्या पर, काका. मी एकडाव बसली होती."

"कधी?"

"तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. कोणीच नव्हतं आलं. दार उघडंच होतं, तं गेली आतमधी आन् एकदम मधातल्या खुर्चीवर बसली."

"सर आले होते?"

"नाई ना जी. सरही नव्हते. लेक्चरच नव्हतं." तिनं वजनकाट्यावरची धूळ हातानं पुसली. "पर तिथून बोर्ड दिसते, काका. पुरा दिसते."